रांग लांब, पण सेटर सापडत नाही

2020 च्या मे महिन्यात, कोविडच्या टाळेबंदीत, परप्रांतीय मजुरांना गावी नेणाऱ्या श्रमिक गाड्या कोल्हापूरहून सुटायला लागल्या, तेव्हा शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या औद्योगिक वसाहतींतल्या फौंड्र्यांना, म्हणजे लोखंड वितळवून सुटे भाग ओतणाऱ्या कारखान्यांना, काम सुरू करण्याच्या परवानग्या नुकत्या कुठे मिळत होत्या. भट्टी तयार होती, वाळू तयार होती, भंगार आणि पिग आयर्नचे ढीग आवारात पडून होते. थोड्याफार ऑर्डरीही होत्या, कारण शेती थांबलेली नव्हती आणि ट्रॅक्टरचे, पंपाचे सुटे भाग लागतच होते. मोल्डर, म्हणजे वाळूचे साचे भरणारे कारागीर, मात्र गाडीत बसून निघून गेले होते. कुणी बिहारला, कुणी ओडिशाला, कुणी उत्तर प्रदेशात.

त्याच्या आदल्याच महिन्यात देशातला बेरोजगारीचा दर 23 टक्क्यांच्या पुढे गेल्याचं आणि 12 कोटींहून अधिक लोकांचं काम सुटल्याचं सीएमआयई या संस्थेचे आकडे सांगत होते. म्हणजे देशात कामाविना बसलेली माणसं कधी नव्हती एवढी, आणि आमच्याकडे साचा भरायला माणूस नाही.

मी या पट्ट्यातल्या एका मध्यम कारखान्यात भरतीचं काम बघते. छोटी फौंड्री आणि तिला जोडून, ओतलेले भाग कापून मापात आणणारं मशीन शॉप, असा आमचा पसारा. त्या उन्हाळ्यात माझा फोन दिवसभर वाजायचा. पुण्या-मुंबईहून गावी परतलेली आजूबाजूच्या गावांतली पोरं, बीकॉम झालेली, बीए झालेली, डिप्लोमावाली, इंजिनियरसुद्धा. सगळ्यांचं वाक्य एकच असायचं: "मॅडम, काहीही काम द्या." मी ही नावं लिहून फौंड्रीच्या मिस्त्रींकडे न्यायची. ते यादीवर नजर टाकायचे आणि म्हणायचे, "काहीही काम करणारा नको हो मॅडम. वाळू कळणारा पाहिजे."

वाळू कळणं म्हणजे काय, हे फौंड्रीबाहेरच्या माणसाला सांगायला हवं. साच्याची वाळू म्हणजे सिलिका, त्यात बेंटोनाइट, कोळशाची पूड आणि पाणी. पाणी जास्त झालं की चौदाशे अंशांच्या आसपासचा रस ओतताना वाफ कोंडते आणि कास्टिंगच्या, म्हणजे ओतलेल्या भागाच्या, पोटात पोकळ्या राहतात. पाणी कमी झालं की साच्याची कड ढासळते, वाळू रसात मिसळते. मोठ्या फौंड्रीत हे मोजायला प्रयोगशाळा असते, आमच्याकडेही ओलावा मोजायचं यंत्र आहे. पण यंत्राचा आकडा येईपर्यंत जुना मोल्डर वाळू मुठीत दाबून, तो गोळा दोन बोटांनी मोडून, मोडलेली कड पाहून सांगतो की आज पाणी वर गेलंय. आणि पोटातली पोकळी लगेच दिसत नाही, हीच खरी अडचण. ती दिसते पुढे मशीन शॉपमध्ये, अर्धा माल कापून झाल्यावर. तोवर वीज गेली, मजुरी गेली, टूल झिजलं, तारीख टळली.

त्यामुळे त्या साली जून-जुलैत जे झालं ते झालं. ऊसतोडीच्या टोळ्या उचल देऊन ठरवाव्यात तशा मोल्डरच्या टोळ्या फोनवर ठरल्या. खात्यात आगाऊ पैसे गेले, बसगाड्या पाठवल्या गेल्या. दिल्लीकडच्या एका अळंबी पिकवणाऱ्या शेतकऱ्याने आपल्या बिहारी मजुरांना विमानाने घरी पाठवलं आणि ऑगस्टमध्ये विमानाचीच तिकिटं काढून परत बोलावलं, ही बातमी तेव्हा सगळीकडे गाजली. लोकांनी ती दिलदारपणाची गोष्ट म्हणून वाचली. दिलदारपणा होताच. पण मला त्यात दुसरंही दिसलं. बेरोजगारीच्या ऐन कडेलोटात एका शेतकऱ्याला आपली नेमकी तीच माणसं विमानखर्चाच्या मोलाची वाटली, कारण अळंबीच्या खोलीतला ओलावा त्यांना कळत होता.

कोविडचं वर्ष अपवाद होतं असं कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. त्या वर्षाने फक्त उघड करून दाखवलं. एरवीही आपल्याकडे बेकारांची रांग आणि कारागिरांची टंचाई शेजारी शेजारीच नांदतात. 2015 मध्ये उत्तर प्रदेशात शिपायाच्या 368 जागांसाठी 23 लाख अर्ज आले होते. पात्रता पाचवी पास आणि सायकल चालवता येणं, आणि अर्जदारांत 255 पीएचडीवाले. 2024 च्या आपल्या पोलीस भरतीत सुमारे साडेसतरा हजार जागांसाठी साडेसतरा लाखांच्या वर अर्ज होते. म्हणजे एका जागेमागे शंभर. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 2024 चा भारताविषयीचा अहवाल सांगतो की तरुणांमध्ये लिहिता-वाचता न येणाऱ्यांत बेरोजगारी 3.4 टक्के, तर पदवीधरांत 29.1 टक्के. ज्याच्यावर घरादाराने जास्त खर्च केला, तोच जास्त काळ बसून.

आणि याच राज्यात, याच वर्षी, एखादा व्हीएमसी सेटर, म्हणजे संगणकावर चालणारं कापकामाचं मशीन नव्या कामासाठी लावून देणारा कारागीर, काम सोडून गेला की त्याच्या जागी माणूस मिळायला आम्हाला महिनोन्‌महिने लागतात.

भरती करणाऱ्याच्या टेबलावर या गर्दीचं काय होतं, ते मी जवळून पाहते. दोन सेटर पाहिजेत अशी जाहिरात दिली की बायोडाट्यांचा गठ्ठा येतो. सगळे वाचायला वेळ नाही, म्हणून चाळणी लावायची. वय पंचविशीच्या आत, टक्के साठच्या वर, अनुभव तीन वर्षं, मध्ये खंड नसावा, इंग्रजी बोलता यावं. कामाला यातलं काय लागतं? फारसं काहीच नाही. सेटरला ड्रॉइंग वाचता आलं पाहिजे, इंग्रजीत मुलाखत देता आली नाही तरी मशीनचं काही अडत नाही. या अटी गठ्ठा कमी करण्यासाठी असतात. जितकी रांग लांब, तितक्या अटी वाढतात, आणि प्रत्येक अटीगणिक एखादा खरा कारागीर बाहेर पडतो. बेरोजगारीच्या काळात भरती सोपी असते असं ज्यांना वाटतं, त्यांनी या गठ्ठ्यापुढे एक दुपार बसून पाहावं.

बायोडाटेही सगळे सारखे. एकाच नेट कॅफेत, एकाच नमुन्यावर नाव बदलून छापलेले. 'मेहनती, प्रामाणिक, संघात काम करण्याची आवड.' ज्याला खरंच मशीन लावता येतं त्याच्याकडे बहुतेक वेळा बायोडाटा नसतोच. तो कुणाच्या तरी सांगण्यावरून येतो. मामा त्या कंपनीत आहे, गाववाला इथे फिटर आहे. म्हणून बरेच कारखाने जाहिरात देण्याच्या भानगडीतच पडत नाहीत, आहे त्या कामगारालाच सांगतात, "तुझ्या ओळखीचं कोण असलं तर बघ." यातून चांगली माणसं मिळतात, हे खरं आहे. पण ज्या वस्तीतलं, ज्या वाडीतलं आजवर कुणीच एमआयडीसीत नाही, तिथल्या पोरापर्यंत ही बातमी पोहोचतच नाही. त्याच्या हातात कौशल्य असलं तरी त्याला मामा नाही. मला हे फार खुपतं. म्हणून कागदाचा कितीही त्रास झाला तरी उघड जाहिरात द्यायचीच, असा माझा हट्ट असतो.

मग निवड कशी करायची? आमच्याकडे टेबलावर तीन गोष्टी ठेवलेल्या असतात. टर्निंग केलेली एक पिन, तिचं ड्रॉइंग आणि बारीक माप घ्यायचा एक मायक्रोमीटर. त्या मायक्रोमीटरमध्ये मुद्दाम थोडा झिरो एरर ठेवलेला असतो, म्हणजे रिकामा असतानाही तो शून्य दाखवत नाही. उमेदवाराला एवढंच सांगायचं: पिन ओके आहे का बघ.

बहुतेक जण पिन उचलतात, मायक्रोमीटर घट्ट आवळतात, आकडा वाचतात आणि सांगतात. काही जण ड्रॉइंगकडे न बघताच सांगतात. पाठांतर सगळ्यांचं पक्कं असतं. व्हर्नियरचा लीस्ट काऊंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सगळ्यांत लहान माप, विचारला की प्रश्न पुरा व्हायच्या आत "झिरो पॉइंट झिरो टू" असं उत्तर येतं. त्यात त्यांचा दोष नाही, परीक्षेत तेच विचारलं गेलं होतं.

एकदा राधानगरीकडचा एक मुलगा आला. आयटीआय टर्नर, मार्क बेताचे. त्याने आधी खिशातला रुमाल काढला आणि पिन पुसली. मग मायक्रोमीटरची दोन्ही तोंडं पुसली. रिकाम्या मायक्रोमीटरची तोंडं मिळवून रॅचेट फिरवलं, टक टक आवाज आल्यावर थांबला आणि डोळ्यांजवळ धरून पाहिलं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, ह्यो तीन पुढं दावतोय. वजा करून सांगू, का दुसरा देताय?"

त्याने पिन अजून मोजलीही नव्हती. शेजारी बसलेले आमचे मशीन शॉपचे इनचार्ज खुर्चीत सावरून बसले. त्यांनी त्याला पुढचा प्रश्न टाकला, मशीनवरून नुकताच उतरवलेला जॉब, म्हणजे कापलेला भाग, लगेच मोजशील का म्हणून. तो म्हणाला, "न्हाई, गार होऊ देणार. गरम जॉब मोठा दावतो." शंभर मिलिमीटरचा पोलादी तुकडा दहा अंशांनी तापला तर अकरा-बारा मायक्रॉन वाढतो. हे गणित त्याला मांडता आलं नसतं कदाचित, पण गोष्ट त्याला माहीत होती. कुठे शिकलास असं विचारलं, तर कळलं की गावाजवळ एका म्हाताऱ्या मिस्त्रींचं लेथ मशीनचं दुकान आहे, तिथे तो आयटीआयच्या सुट्ट्यांत जाऊन बसायचा. पैसे मिळत नव्हते. पण मिस्त्री त्याला शिव्या देऊन का होईना, मोजायला शिकवायचे.

त्याच्या बायोडाट्यात या दुकानाचा उल्लेख नव्हता. अनुभवाच्या रकान्यात त्याने 'निरंक' लिहिलं होतं.

हा मुलगा सेटर म्हणून आला नव्हता, तेवढा तो तयारही नव्हता. ऑपरेटर आणि सेटर यांच्यातलं अंतर बाहेरच्यांना दिसत नाही. ऑपरेटर जॉब चढवतो, हिरवं बटण दाबतो, जॉब उतरवतो, मोजतो. सेटर ड्रॉइंग वाचून ठरवतो की जॉब कुठे पकडायचा, कोणतं टूल आधी चालवायचं, किती फीड द्यायचा. तो ऑफसेट, म्हणजे टूलच्या जागेचे आकडे, मशीनमध्ये भरतो, पहिला जॉब काढतो, मोजतो, दुरुस्ती करतो आणि मग मशीन ऑपरेटरच्या ताब्यात देतो. कापण्याच्या आवाजावरून त्याला कळतं की इन्सर्ट, म्हणजे टूलची कापणारी धार, संपत आलाय. त्याने एक आकडा चुकीचा भरला की टूल धरणारा टरेट जाऊन जॉब पकडणाऱ्या चकवर आदळतो आणि लाखांचा खर्च निघतो. असा माणूस तयार व्हायला तीन-चार वर्षं लागतात, आणि त्या काळात कुणीतरी त्याला महागड्या मशीनवर हात मारू द्यावा लागतो. त्याच्या काही चुका सोसाव्या लागतात.

खरी गोम इथे आहे, असं मला वाटतं. प्रत्येक कारखान्याला तीन वर्षांचा अनुभव पाहिजे असतो. ती तीन वर्षं द्यायला मात्र कुणी तयार नसतो. रांग जितकी लांब दिसते तितकं मालकांना वाटतं की तयार माणूस त्यात कुठेतरी असणारच, आपण कशाला घडवायचा? सगळ्यांनीच असं म्हटलं की घडवणारा कुणी उरत नाही.

कायदा नाही असंही नाही. अप्रेंटिस कायदा 1961 पासून आहे. आजच्या नियमांप्रमाणे तीस किंवा त्याहून अधिक माणसं असलेल्या आस्थापनेने अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे. घेतलेही जातात. पण पुष्कळ ठिकाणी अप्रेंटिस म्हणजे स्वस्तातला हेल्पर. वर्षभर तो ट्रॉली ढकलतो, जॉब पुसतो, एकाच मशीनचं दार उघडतो आणि बंद करतो. वर्षाच्या शेवटी त्याला प्रमाणपत्र मिळतं आणि त्याच्या जागी नवा अप्रेंटिस येतो. मग तो मुलगा आमच्यासारख्यांच्या टेबलासमोर येऊन बसतो आणि मायक्रोमीटर आवळतो.

पैशांचा हिशोबही पाहावा. 2024 मध्ये राज्य सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. तीत बारावी झालेल्याला महिना 6,000 रुपये, आयटीआय किंवा पदविका झालेल्याला 8,000 आणि पदवीधराला 10,000 रुपये विद्यावेतन ठरलं. योजनेचा हेतू चांगला आहे, तिच्यामुळे काही मुलांना पहिल्यांदा कारखान्याचं दार दिसलं. पण या तीन आकड्यांतून सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला काय कळतं? दोन वर्षं हात काळे करून फिटर झालास तर आठ, आणि कोणत्याही विषयात पदवी घेतलीस तर दहा. मग तो कॉलेजला नाव घालतो. पुढे त्याच्याकडे पदवी असते आणि आमच्याकडे फिटर नसतो.

आमच्या असोसिएशनच्या बैठकांत एक वाक्य हटकून ऐकू येतं: "हल्लीच्या पोरांना काम नकोच आहे." मी हे मान्य करत नाही, आणि तसं तिथे सांगतेही. सकाळी पाचला आमच्या भागातल्या कोणत्याही गावाच्या मैदानावर जाऊन पाहा. भरतीच्या अकॅडमीतली पोरं गोळाफेक करत असतात, सोळाशे मीटर पळत असतात. वर्षानुवर्षं, अनवाणीसुद्धा. याला काम नको असणं म्हणत नाहीत. त्यांनी हिशोब घातलेला आहे. एका बाजूला खाकी वर्दी, कायमची नोकरी, आजारपणात रजा, लग्नाच्या बोलणीत शब्दाला वजन. दुसऱ्या बाजूला कंत्राटदारामार्फत अकरा महिन्यांचा कागद, तोही संपला की पुन्हा गेटवर उभं राहायचं. यात तो मुलगा मैदान निवडतो, तर त्याचं काय चुकलं? माझ्या वडिलांच्या पिढीत कारखान्यात 'परमनंट' झालेल्या मुलाला सोयरिकी चालून यायच्या. आज मुलीचे वडील विचारतात, कंपनीच्या रोलवर की कंत्राटावर? प्रश्न अगदी बरोबर असतो.

या वाट पाहण्यात एक गोष्ट मात्र हकनाक मरते, ती म्हणजे हातातली सवय. आमच्याकडे तिशीतले एक गृहस्थ आले होते. फिटरचा आयटीआय करून नंतर बीए केलं, मग पीएसआयच्या परीक्षेसाठी पुण्यात अभ्यासिकेत बरीच वर्षं काढली. एकदा यादीच्या अगदी जवळ जाऊन राहिले. मुलाखतीत आमच्या एका सहकाऱ्याने नेहमीचा प्रश्न विचारला, "मधली एवढी वर्षं काय केलं?" त्यांनी मान खाली घातली. अशा वेळी माणसाची मान खाली जाते ती मला बघवत नाही. मी विचारलं, "या वर्षांत हाताने काय काय दुरुस्त केलंत?" ते क्षणभर गोंधळले. मग हळूहळू सांगू लागले. मेसची पाण्याची मोटर दर पावसाळ्यात बंद पडायची, तिचं बेअरिंग त्यांनीच बदललं होतं. खोलीतल्या पंख्याचं वाइंडिंग, मित्रांच्या मोटारसायकली, अभ्यासिकेचा इन्व्हर्टर. घरमालक त्यांना भाड्यात सूट द्यायचा ती याच कामाबद्दल. आज ते आमच्या मेंटेनन्सला आहेत आणि रात्रपाळीत हायड्रॉलिक प्रेस अडली की आधी त्यांनाच उठवतात.

तेव्हापासून आमच्या फॉर्मवर 'खंड का पडला?' हा रकाना नाही. त्याऐवजी तोच दुसरा प्रश्न छापलेला आहे.

परदेशातले लोक हे कसं करतात, तेही आपल्या दारात पाहायला मिळालं. सप्टेंबर 2024 मध्ये पुण्यात औंधच्या आयटीआयमध्ये इस्रायलसाठी बांधकाम कामगारांची निवड झाली. सेंटरिंग, सळया वाकवणं, फरशी बसवणं, गिलावा, अशी कामं. ऑक्टोबर 2023 नंतर तिथलं पॅलेस्टिनी मजुरांचं येणं बंद झालं होतं आणि बांधकामं अडली होती. तिथे कागदावर निवड नव्हती, काम करून दाखवायचं होतं. त्याआधीच्या फेरीत 16,832 जणांनी अशी चाचणी दिली आणि 10,349 निवडले गेले. पगार महिना 1 लाख 92 हजार रुपये, राहणं-खाणं वेगळं. युद्ध चाललेल्या देशात जायला हजारो माणसं उभी राहिली याचं मला वाईट वाटतं, आणि तिथे पोहोचल्यावर काहींना ठरलं त्यापेक्षा वेगळंच काम करावं लागल्याच्या बातम्याही आल्या. तरी एक गोष्ट नाकारता येत नाही. ज्यांना गरज होती, त्यांनी दाम छापून सांगितला आणि हात पाहून माणूस घेतला. आपल्या जाहिरातीत काय असतं? 'पगार योग्यतेनुसार.'

पण तयार हात पैसे टाकून दुसऱ्याकडून उचलणं हाही पुरता इलाज नाही. आपल्या भागातच याहून जुनं आणि मोठं उदाहरण आहे. 1910 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगाव सोडावं लागलं. औंध संस्थानच्या (पुण्याचं औंध नव्हे) पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळची 32 एकर माळरानाची जमीन आणि दहा हजारांचं कर्ज दिलं. तिथे निवडुंग आणि सापांशिवाय काही नव्हतं. त्या माळावर कुशल कामगारांची रांग लागणं शक्यच नव्हतं. जी माणसं होती त्यांतूनच त्यांनी कारखाना उभा केला, तीच किर्लोस्करवाडी. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर तिथे कल्पक इंजिनियर झाले. शंभुराव जांभेकर डिझाइनचे जाणकार झाले. शिक्षा भोगून आलेल्या दोघा दरोडेखोरांच्या हाती वसाहतीची राखण दिली, आणि त्यांनी ती चोख केली. खुद्द लक्ष्मणरावांनी मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत शिकवलेलं होतं, आणि बढतीच्या वेळी त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला पुढे केलं म्हणून ती नोकरी सोडली होती. माणूस कशावरून नाकारला जातो हे त्यांनी अंगावर सोसलेलं होतं. किर्लोस्करवाडीत त्यांनी कुणाकडे काय नाही हे पाहिलं नाही, याचं मूळ मला तिथेच दिसतं.

पुढे साठच्या दशकात पुण्यात टेल्कोचा, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सचा, कारखाना उभा राहिला तेव्हाही कंपनीचे प्रमुख सुमंत मूळगावकरांनी सुरुवातीलाच मशीन टूल विभाग आणि प्रशिक्षण यांवर भर दिला, वाहनं नंतर आली. तिथे शिकलेली माणसं पिंपरी-भोसरीच्या कितीतरी छोट्या वर्कशॉपांत आढळतात, काहींनी स्वतःचे कारखाने काढले. एका कंपनीने घडवलेल्या हातांवर सगळा पट्टा उभा राहिला.

माझ्या मालकांना मी हे सांगते तेव्हा त्यांची शंका ठरलेली असते: "आपण शिकवायचं आणि पोरगं चाकणला जायचं." ती शंका खोटी नाही. जातात पोरं. दोन-अडीच वर्षं झाली की चाकणहून कुणाचा तरी फोन येतो, सात-आठ हजार जास्त मिळतात, मुलगा निघतो. मायक्रोमीटरवाला तो राधानगरीचा मुलगाही गेला. जाताना पेढे घेऊन आला, आईला सोबत घेऊन आला. मला राग आला नाही. साच्यांचे नमुने बनवणाऱ्या आमच्या पॅटर्न शॉपमधले सगळ्यांत जाणते मिस्त्री कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या दुसऱ्याच एका दुकानात शिकलेले आहेत. त्यांना ज्यांनी शिकवलं त्यांना आम्ही एक पैसा दिलेला नाही. हे देणं असंच फिरतं राहतं, आणि कुणीतरी घालायचं थांबवलं की संपतं. शिवाय जाणारा पोरगा पगारासाठी जातो, तर पगाराचंही बघायला नको का? शिकवलेल्या माणसाला ऑपरेटरच्याच पगारावर ठेवलं तर तो कुठल्या हिशोबाने थांबेल?

यंदा जुलैच्या तोंडावर आम्ही जवळच्या आयटीआयशी ड्युअल पद्धतीच्या प्रशिक्षणाचं बोलणं केलं. मुलं काही महिने वर्गात, काही महिने आमच्या मशीनवर. एक जुनं सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं मशीन, उत्पादनातून काढून फक्त शिकण्यासाठी ठेवायची, म्हणजे टरेट आदळला तरी कुणाच्या काळजाचा ठोका चुकणार नाही. शिकवायला निवृत्त झालेले एक सेटर काका आठवड्यातून तीन दुपारी येणार, आणि त्यांना मानधन नव्हे, नीट पगार. निवड पिन आणि मायक्रोमीटरवर, मार्क शेवटी. मुलींनीही अर्ज करावा असं जाहिरातीत स्पष्ट लिहिलंय. आमच्या कोअर शॉपमध्ये, म्हणजे साच्याच्या आत बसवायचे वाळूचे गाभे बनतात तिथे, बायकांचा हात किती नाजूक आणि नेमका चालतो हे आम्ही रोज पाहतो, तो मशीनवर का चालणार नाही?

जाहिरातीच्या मसुद्यात पगाराचा आकडा छापलाय, पहिल्या वर्षाचा, दुसऱ्याचा आणि तिसऱ्याचा. 'अनुभव आवश्यक' ही ओळ काढलीय. मालकांनी मशीनला होकार दिला, काकांच्या पगाराला दिला, आकडा छापायला थोडी कुरकुर करून दिला. तीन वर्षं पुरी करणाऱ्याला कंपनीच्या रोलवर कायम करायचं, या कलमावर मात्र त्यांनी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून मसुदा परत पाठवला. मी ते पुसून, तेच कलम तसंच ठेवून, शेजारी रिजेक्शनच्या, म्हणजे बाद झालेल्या मालाच्या, मागच्या तीन वर्षांच्या खर्चाचा तक्ता जोडून पुन्हा त्यांच्या टेबलावर ठेवलंय. सोमवारी बैठक आहे. ते कलम मी सोडणार नाही.